चाकाहखालची वाटी

या, असे जवळ सरका. होडीच्या कडेला टेकू नका, कालच रंगवली आहे, अजून ओली आहे. माझा आवाज गाण्याचा नाही, नुसता सांगण्याचा आहे. लांब बसलात तर तळ्यावरचा वारा अर्धी गोष्ट पळवून नेईल. आमच्या कोपचे नावाच्या गावाला एका सकाळी चोर ठरवलं गेलं, आणि प्रार्थना गाणाऱ्या एका म्हातारीने पेजेचा एक थेंब जिभेवर घेऊन खरं काय ते शोधून काढलं, ती ही गोष्ट. मध्ये कोणी उठायचं नाही. शेवटी मी तुमच्याकडे काहीतरी मागणार आहे. पैसे नाहीत, घाबरू नका.

१

रानातल्या जुन्या देवळांच्या फाटकाची किल्ली आमच्या गावाकडे असते. सकाळी पाहुण्यांना देवळं दाखवायची आणि दुपारी माझ्या होडीतून खारफुटीतल्या अरुंद पाटाने मोठ्या तळ्यावर न्यायचं, यावर आमच्या चुली पेटतात. पण पोटाचं सोडा. ती देवळं आमच्याच लोकांनी बांधली, आणि कित्येक पिढ्यांनंतर आम्हाला त्यांच्या दाराशी पुन्हा उभं राहू दिलं गेलं. म्हणून ती किल्ली आम्हाला जिवासारखी. तेव्हा ती आरेली चिमालच्या गळ्यात असायची. आरेली आमची वाटाडी. पंचविशीची, पायाने हरिण आणि तोंडाने मिरची.

त्या सोमवारी ती फाटक उघडून आत गेली आणि थोड्याच वेळात तिची आरोळी आली. साप दिसल्यावर माणूस ओरडतं, तशी नव्हती ती. घरातलं कोणी गेल्यावर ओरडतं, तशी होती.

मी होडीतलं पाणी उपसत होतो, तसाच धावलो. धाकट्या देवळाच्या उंबऱ्याशी उतरता धनी नव्हता.

उतरता धनी म्हणजे आमचा दगड. पाट्याच्या दुप्पट लांब. एक बाजू ओबडधोबड, दुसऱ्या बाजूवर कोरलेला देव: डोकं खाली, पाय वर, हातांत मधाचं पोळं, जणू आकाशातून थेट आपल्याकडे सूर मारतोय. भिंतीतून तो केव्हाच निखळला होता. उंबऱ्याला टेकवून ठेवलेला असायचा. आता तिथे मातीवर एक फिकट चौकोन होता आणि त्यात सैरभैर झालेल्या मुंग्या.

"नासो काका," आरेलीचे ओठ पांढरे पडले होते, "फाटकाला कुलूप होतं. मीच आत्ता काढलं. किल्ली माझ्या गळ्यातून हललेली नाही."

"हे दुसऱ्या कोणापुढे बोलू नकोस," मी म्हणालो.

"बोलायला हवं की!" मागून आवाज आला. "पोलिसांपुढे!"

२

मागे सेन्योर रोब्लेदो उभे होते. किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलचे व्यवस्थापक. त्यांच्या शेजारी आमचे गावप्रमुख तेओदुलो, डोक्यावरची टोपी हातात घेऊन उगाच फिरवत. फाटकाबाहेर रोब्लेदोंची मालवाहू गाडी. तिच्यात चार हमाल, दोरखंड आणि एक नवी कोरी गादी.

"गादी कशाला आणलीत, सेन्योर?" आरेलीने विचारलं. "देवळात झोपायचा बेत होता का?"

"हॉटेलची आहे. वाटेत पोचवायची आहे," ते म्हणाले आणि त्यांनी फोन कानाला लावला.

या माणसाला आमच्या फाटकाची किल्ली हवी होती, हे लहान पोरांनाही माहीत होतं. गावाला ठेवा सांभाळता येत नाही, हे त्यांचं पालुपद. आणि आज त्यांना ते सिद्ध झाल्यासारखं वाटत होतं.

तालुक्याहून फौजदार बार्रेरा आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा हिशेब सरळसोट होता. रोब्लेदो चाकाहच्या झाडाखाली दगडावर रुमाल अंथरून बसले, तेओदुलो शेजारी अवघडून टेकले, आणि बार्रेरांनी उभ्या उभ्या निकाल दिला.

"दगड खांद्यावर टाकून रानातून नेता येणार नाही. गाडी हवी. गाडीला फाटक लागतं. फाटकाला किल्ली लागते." ते आरेलीकडे वळले. "किल्ली कोणाकडे?"

"माझ्याकडे," आरेली म्हणाली. मान ताठ.

"मग पोरी, उन्हं कलायच्या आत दगड मिळाला नाही तर तुला माझ्याबरोबर यावं लागेल. किल्ली सरकारजमा."

"तोवर देवळं आम्ही सांभाळू," रोब्लेदो बसल्या जागेवरून मायेने म्हणाले. "विनामूल्य."

तेवढ्यात एका हमालाने वर बोट दाखवलं. चाकाहची साल तांबडी आणि पापुद्रे सुटलेली असते, उन्हात भाजलेल्या गोऱ्या पाहुण्याच्या नाकासारखी. त्या तांबड्या फांदीला वेलीच्या कड्यात तुंब्याची वाटी टांगलेली होती. वाटीत पांढरी पेज.

बार्रेरांनी मान हलवली. "बघा. चोर गावातलाच. दगड उचलला आणि रानाच्या धन्यांची, त्या रानदेवांची, माफी मागायला पेजेचा साका ठेवून गेला."

आम्हाला ते खोडता येईना. कारण आमच्यातला कोणीही तो दगड हलवता, तर अगदी असंच करता.

मी तिथून निघालो तो थेट चीच फिदेलियाच्या दारात.

३

चीच म्हणजे आजी. फिदेलिया याम सगळ्या गावाची चीच. कोणी जन्मलं, कोणी गेलं, शेत पिकलं, की प्रार्थना तीच गाते. आम्ही मागे बसून धृपद धरतो. तिने पहिला सूर लावला की माझ्या छातीत काहीतरी सैल होतं, आणि आमचा सुंदर धनी, म्हणजे वरचा देव, जवळच येऊन बसलाय असं वाटतं. या वयात मला दुसरं व्यसन नाही. आदल्याच दिवशी, रविवारी, मात्र धृपद जरा पातळ लागलं होतं, आणि वाटेने चालताना, मनातली भीती झाकायला, मी तेच तिला सांगितलं.

"तुझा आवाज होता ना? मग पातळच लागणार," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची साय धरलेली, माझ्या दंडाला धरून चालत होती. "खाली बघ. फाटकातून आत पांढरी माती ओली आहे ना? चाकांच्या खुणा आहेत?"

"नाहीत. आरेलीच्या आणि माझ्या चपला, मग या लोकांचे बूट. गाडी बाहेरच उभी आहे."

"हं," म्हातारी म्हणाली.

झाडाखाली तिने वाटी मागितली. आधी बोटांनी वेलीचं कडं चाचपलं. मग करंगळी पेजेत बुडवून जिभेला लावली.

"चुना आहे," ती म्हणाली.

गर्दीतून एकदम कुजबुज उठली. आमच्या भाकरीचा मका आम्ही चुन्यात शिजवतो, घरची पेजही त्याचीच. पण रानाच्या धन्यांना जो साका ठेवतात, तो बिनचुन्याचा. पोराला चालता येण्याआधी हे कळतं. चुन्याचा साका धन्यांपुढे ठेवणं म्हणजे पाहुण्यापुढे उष्टं ताट सारणं.

"म्हणजे हे गावातल्या माणसाने केलेलंच नाही!" आरेली ओरडली. "बाजारचं पीठ कालवून कोणीतरी नाटक केलंय! आमच्यावर ढकलायला!"

सगळ्या नजरा रोब्लेदोंकडे वळल्या. मग गाडीकडे. दोरखंड. गादी.

"ही काय थट्टा आहे?" रोब्लेदो म्हणाले. तेओदुलोंच्या हातातली टोपी थांबली.

बार्रेराही त्यांच्याकडे वेगळ्या डोळ्यांनी बघू लागले. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मनातल्या मनात मी त्या माणसाच्या हातात बेड्यासुद्धा घातल्या.

"गप्प बसा सगळे," चीच फिदेलिया म्हणाली. "याने दगड चोरलेला नाही."

४

"चीच, तू कोणाच्या बाजूची?" आरेली रडकुंडीला आली.

"खऱ्याच्या. आपल्याला आवडलं म्हणून एखादं उत्तर खरं होत नाही, पोरी. उद्या हाच माणूस आपल्याला न आवडणारं खोटं सिद्ध करेल, तेव्हा कुठल्या तोंडाने भांडशील?" ती बार्रेरांकडे वळली. "तात, दगड आधीच याच्याकडे असता, तर हा आज रिकामी गादी घेऊन कशाला आला असता? गादी कोणाला निजवायला आणली, ते याला नंतर विचारा. आणि हे कडं चाचपा. हातात कडं धरून, वेल आतून बाहेर घेऊन बांधलंय. बाजारच्या पिठाचं नाटक करणाऱ्याला हे जमत नाही. वाटी आपल्याच माणसाने टांगली आहे."

"आपल्या माणसाने आणि चुन्याची?" बार्रेरा गोंधळले. "दोन्ही कसं खरं?"

"मला जरा भूक लागली आहे," म्हातारी म्हणाली. "नासो, चल."

कोणाच्या घरची पोर तुरुंगात निघाली असताना भूक लागणारी म्हातारी पाहून मला राग आला. तरी दंड पुढे केला.

देवळांच्या मागच्या वाटेवर एउसेबियाचं स्वयंपाकघर आहे. एउसेबिया पाहुण्यांना जेवू घालते. तिचा नवरा प्रिमितिवो देवळांचा राखणदार होता. आरेली त्याचीच पुतणी. एउसेबियाच्या चुलीपासून रानातून देवळांपर्यंत पायवाट जाते. फाटक गाड्यांसाठी; आमच्या पायांना सगळं रान मोकळं.

ती भाकरी थापत होती. खांद्यांवर धुतलेला टॉवेल.

"आरेलीचं ऐकलंस?" चीचने विचारलं.

"मघाशीच ऐकलं." थापणारे हात क्षणभर थांबले.

"रोब्लेदो इथे जेवायला येतो म्हणे."

"शनिवारी आला होता. तेओदुलोला घेऊन. अंडी खाल्ली आणि माझ्यासमोर बोलत बसले, जणू चूल बहिरी असते." ती तव्याकडे बघत बोलली. "सोमवारी दगड घेऊन जातो म्हणाला. साफ करायला. मग हॉटेलच्या दारातच राहू दे, पाहुण्यांना बघायला बरं. तेओदुलो म्हणाला, गावाला नंतर समजावतो. त्याच्या जावयाला तिथे नोकरी मिळायची आहे."

"तू कोणाला सांगितलंस?"

"कोणाला सांगायचं? गावप्रमुखालाच?"

चीच हसली. मग सहज म्हणाली, "तुझी निळी शाल कुठे गं? टॉवेल काय घेतलास?"

"हरवली."

"आणि काल प्रार्थनेला नव्हतीस. याला बेसुऱ्यालासुद्धा कळलं, धृपद पातळ लागत होतं."

तव्यावरची भाकरी फुगली आणि करपली, तरी तिने उलटली नाही.

"प्रिमितिवोला जाऊन आज वर्ष झालं ना?" चीचने हळूच विचारलं.

चीच उत्तरासाठी थांबली नाही. उठली, माझा दंड धरला आणि रानवाटेला लागली.

"चीच, मला काहीच कळत नाही," मी म्हणालो.

"प्रिमितिवो दुपारची शिदोरी खायला कुठे बसायचा?"

"चाकाहखालच्या ओंडक्यावर. आयुष्यभर तिथेच."

"तो ओंडका कुठे आहे आता?"

"वाळवीने खाल्ला. त्याच्यामागे सहा महिन्यांत भुसा झाला."

म्हातारी वाटेतच उभी राहिली. सायीखालचे डोळे माझ्याकडे वळले.

"मग नासो, तो रोब्लेदो सकाळपासून कशावर बसलाय?"

५

आम्ही पोचलो तेव्हा झाडांच्या सावल्या देवळांच्या पायऱ्या चढू लागल्या होत्या. बार्रेरांनी आरेलीला गाडीकडे चालवलं होतं. सगळं गाव फाटकाशी जमलेलं, आणि कोणी बाजूला होत नव्हतं.

"वाट द्या," बार्रेरा म्हणाले.

"ते आम्हाला जमायचं नाही," कोणीतरी शांतपणे म्हणालं.

एवढ्यात रानवाटेने एउसेबिया आली. अंगावर सणाचा, गळ्याशी भरतकाम केलेला पांढरा इपिल, केस विंचरलेले, हातात लहानसं गाठोडं.

"पोरीला सोडा," ती म्हणाली. "मला न्या. मघाशीच आले असते, पण तुरुंगात चुलीच्या कपड्यांनी जायचं नव्हतं. नवरा नावाजलेला होता माझा."

"काकू!" आरेलीच्या तोंडून एवढंच निघालं.

"थांब," चीच फिदेलिया म्हणाली. "नेतील नाहीतर नाही नेणार. आधी प्रिमितिवोची वर्षाची प्रार्थना व्हायची आहे. तात बार्रेरा, मेलेल्या माणसाला तुमच्या कायद्यात थोडा वेळ मिळतो ना?"

बार्रेरांनी टोपी काढली.

म्हातारी चाकाहखाली गेली आणि तिने सूर लावला. मी कितीतरी प्रार्थना ऐकल्या आहेत, पण तसा सूर पुन्हा ऐकला नाही. विनवणीचा नव्हताच तो. दारावर हक्काने थाप मारावी तसा होता. गाव मागून धृपद धरू लागलं. कालची पातळ जागा एउसेबियाच्या आवाजाने भरून आली, तेव्हा माझे डोळे भरले. देवळाच्या भिंतीतला तोह पक्षीसुद्धा शेपटी हलवायचा थांबला. चारही हमालांनी छातीवर क्रूस काढला. तेओदुलो उठून उभे राहिले. बसून राहिले फक्त रोब्लेदो.

शेवटचा सूर विरला, तशी चीच त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आता उठा, सेन्योर. सकाळपासून तुम्ही आमच्या देवाच्या पाठीवर बसला आहात."

६

सहा जणांनी मिळून दगड उलटा केला. खाली चौपदरी घडी केलेली निळी शाल होती, आणि शालीवर, नाकाला ओरखडासुद्धा न पडता, पालथा निजलेला उतरता धनी.

"चुना कळला आणि तुम्ही म्हणालात, बाहेरचा माणूस," चीच म्हणाली. "तुम्ही सगळे एकच चूक करत होता. रानातली वाटी दिसली की ती रानाच्या धन्यांची, असं धरून चाललात. पण चुन्याची पेज आपण कोणाला देतो? आपल्या माणसांना. जिवंत असताना रोज, आणि गेल्यावर त्यांच्या दिवसाला. ही वाटी धन्यांच्या माफीची नव्हती. नवऱ्याच्या जेवणाची होती. मेलेलं माणूस जेवायला येतं ते आपल्या नेहमीच्या जागेवर. चाकांच्या खुणा नाहीत म्हणजे दगड आतच. ओंडका गेला, तरी बसायला जागा आहे. मग राहिलं काय?"

"काल तुम्ही सगळे गात होता तेव्हा मी सरकवला," एउसेबिया म्हणाली. "खाली गोल फांद्या घातल्या, पहारीने ढकलला. देवळापासून झाडापर्यंत उतारच आहे. तोंड मऊ जागेवर यावं म्हणून शाल घातली. प्रिमितिवो म्हणायचा, माझ्या पाठीमागे याच्यावर लक्ष ठेव. मी म्हटलं, तूच ठेव, तुझ्याच जागी आणून देते." तिने आरेलीकडे पाहिलं. "कोणाला सापडू नये असंच केलं होतं सगळं. पण आज त्याला उपाशी कसं ठेवू? ती वाटी टांगली नसती तर कोणाला काही कळलं नसतं. आणि तुझ्या गळ्यातल्या किल्लीवर येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं. मी फाटकातून कधी गेलेच नाही."

आरेलीने तिच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं आणि जमिनीवर ठेवलं.

बार्रेरांनी दगडाकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं. "दगड फाटकाच्या आत आहे," ते सावकाश म्हणाले. "आतच होता. कुलूपही शाबूत. मला इथे चोरी सापडत नाही."

"पण मला तेओदुलोंनी परवानगी दिली आहे," रोब्लेदो रुमाल झटकत म्हणाले. "साफसफाईसाठी."

"तेओदुलोला कोणी दिली?" चीचने विचारलं.

तेओदुलोंनी खाली बघितलं. मग टोपी डोक्यावर ठेवली आणि आमच्या बाजूला येऊन उभे राहिले. उशिरा, पण आले.

एउसेबिया पुढे झाली. सणाचा इपिल सावरून ती धन्याशेजारी मातीत बसली, मांडी घालून. "उचला," ती म्हणाली. "गादी आणली आहेत, माणसं आणली आहेत. उचला. मला धरूनच उचलावं लागेल, एवढंच."

आरेली तिच्या शेजारी बसली. मग मी. मग सगळं गाव, म्हातारे, बाया, कडेवरची पोरं, देवळाच्या पायऱ्यांपर्यंत. कोणी शिवी दिली नाही, दगड उगारला नाही. नुसते बसलो. आमच्या पूर्वजांना इथून उठवायला केवढे मोठे लोक येऊन गेले. त्यांच्यापुढे हा गादीवाला कोण?

रोब्लेदोंनी हमालांकडे पाहिलं. त्यांच्यातला थोरला म्हणाला, "सेन्योर, मी आत्ताच यांच्या प्रार्थनेत क्रूस काढलाय. आजच्या दिवसाची मजुरी कापा."

नवी कोरी गादी, कोणीही न निजता, आली तशी परत गेली. बार्रेरा जाताना चीचपुढे वाकले आणि वाटीकडे बघून विचारलं, "ही फेकायची का आता?"

"खबरदार," एउसेबिया म्हणाली. "जेवतोय तो."

पुढच्या गावसभेत ठरलं, आणि पुरातत्त्व खात्याच्या लोकांनाही आम्ही ते मान्य करायला लावलं: उतरता धनी कुठेही जाणार नाही. आता तो उंबऱ्याशी पक्का बसवलाय, तोंड आपल्याकडे करून. चाकाहखाली नवा ओंडका आहे, आणि त्यावर कोणी बसत नाही.

एवढीच गोष्ट. आता माझं मागणं. उद्या सकाळी तुम्ही देवळं बघायला जाल, आरेली तुम्हाला सगळं दाखवेल, आणि तिची बडबड चालू असताना उजव्या हाताला तांबड्या सालीचं झाड येईल. तिथे क्षणभर थांबा. फुलं नकोत, मेणबत्ती नको. फक्त मनात म्हणा: प्रिमितिवो चिमाल, तुझी राखण चालू आहे. आमच्यात ज्याचं नाव कोणी घेतं, तो अजून कामावर असतो.

आणि हो, त्याच्या बायकोच्या हातची भाकरी खाल्ल्याशिवाय होडीत पाय ठेवू देणार नाही.